टोपलीतली पाटी

चहाबरोबरचे स्कोन, ते गोडसर पाव, संपत आले म्हणून हिल्डानं दुसऱ्या टोपलीवरचं फडकं उचललं, तर तळाशी लाकडी पाटी. लाल रंगात, तिच्याच हातची अक्षरं: 'घंटा वर आहेत. दोरांना हात लावू नये.'



या पाटीची जागा चर्चच्या मनोऱ्यात, दोरांच्या खोलीच्या दारावर. वेदरकोट गावच्या सहा घंटा वाजवायच्या तर आधी झुलवत झुलवत उलट्या करायच्या, तोंड आभाळाकडे. वाजवून झालं की एकेक पुन्हा झुलवत, तोंड जमिनीकडे करून खाली उतरवायची, दाराला कुलूप घालायचं आणि मगच पाटी काढायची. उलटी ठेवलेली घंटा म्हणजे मरण टांगून ठेवलेलं. खालून कुणी दोर ओढला की सगळं वजन गरकन फिरतं. हिल्डा पॉकनेल एकेचाळीस वर्षं त्या मनोऱ्याची म्होरकी होती आणि या बाबतीत तिनं कुणाची गय केली नव्हती. एकदा पाटी लावायला विसरला म्हणून गावच्या खाटकाला तिनं महिनाभर दोराला शिवू दिलं नव्हतं.

आज अकराला लग्न होतं. लग्नाच्या घंटा झाल्यावर "तुम्ही व्हा पुढे जेवायला, मी उतरवते," असं ती बाकीच्या पाच जणांना म्हणाली होती. एवढं आठवत होतं. पण त्यानंतर दोर हातात घेतल्याचं, पाटी काढल्याचं? छे. काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"बाई, जरा जॅम सरकवता का?" बसमधून आलेल्या पाहुण्यांतली एक बाई म्हणाली. सकाळी पाणचक्की, दुपारी मठाचे अवशेष असं सगळं बघून ही मंडळी आता गावच्या हिरवळीवर चहाला बसली होती. "आणि तो बघा, झेंडा चढला! किती छान!"

हिल्डानं वर पाहिलं. मनोऱ्याच्या माथ्यावर रेज होता. तिचा नवरा.

जेवताना त्यानं विचारलं होतं, "उतरवल्यास ना गं? मला झेंडा लावायला वर जायचंय." आणि ती फणकारली होती, "मग काय तशाच ठेवीन? एकेचाळीस वर्षं काय गवत उपटतेय मी?" माथ्यावर जाणारी शिडी घंटांच्या मधूनच जायची, आणि तीही इतकी अडचणीत की खांदा तिरका करून निघावं लागायचं.

"आमचे हे मेले कुठे उंडारतायत कोण जाणे," बाई जॅम लावत म्हणाली. "म्हणत होते, मनोऱ्याचं दार उघडंच आहे, एखादा दोर ओढून बघतो."

हिल्डा पळाली. एकाहत्तरीची बाई, एक गुडघा कामातून गेलेला, पण कबरींमधून अशी पळाली की पाहुणे बघतच राहिले. एकतीस पायऱ्या. देवा, त्या बाईच्या नवऱ्याला पाय घसरून पडू दे, त्याला बायकोची आठवण येऊ दे, काहीही होऊ दे.

खोलीत शिरताच तिला कळलं. घंटा उतरवल्यावर दोर गुंडाळून टांगायचे असत, पण आता त्यांच्या लोकर गुंडाळलेल्या मुठी तोंडासमोर लोंबत होत्या. घंटा वरच होत्या, सगळ्या. आणि सर्वांत मोठ्या घंटेची, सहाशे किलोच्या घंटेची मूठ पिवळी टोपी घातलेल्या एका गोलमटोल माणसानं दोन्ही हातांनी धरली होती.

"या, या!" तो म्हणाला. "जरासा ओढला तर बघा कसा जड लागतोय! आता एक हिसका दिला की..."

हिल्डाला किंचाळायचं होतं. पण किंचाळली असती तर तो दचकला असता. ओढलं तर घंटा फिरणार. एकदम सोडलं तर ती मागे आपटणार, तिला अडवणारं लाकूड मोडणार आणि ती उलटीकडून फिरणार.

"ओढू नका," ती हळूच म्हणाली. "सोडूही नका. आहात तसेच उभे राहा. नाव काय तुमचं?"

"डेरेक. का हो? पाटीबिटी तर काही नव्हती इथे."

"नव्हती," हिल्डा म्हणाली.

तिनं त्याच्या हातांवर हात ठेवले. तेवढ्यात डोक्यावर शिडी करकरली.

रेज उतरत होता. हाक मारून उपयोग नव्हता. वाऱ्यात कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून वर जाताना तो ते खिशात टाकायचा, आणि यंत्राशिवाय ठार बहिरा. आणखी एक पायरी. त्या पायरीचा आवाज तिला ओळखीचा होता. तो आता मोठ्या घंटेजवळ होता. पण तिचे हात शहाणे होते. एक बोट, आणखी एक बोट, असा तिनं दोर वर जाऊ दिला. वर लाकडाला वजन टेकल्याचा बारीकसा धप्प आवाज आला.

"सोडा आता."

डेरेकनं सोडला. तिला सोडता येईना. वरचा आवाज बंद झाला होता. का थांबला? बोल की रे मेल्या, खोक तरी.

मग छतातली झडप उघडली आणि त्याचे बूट दिसले. रेजनं दोर पाहिले, डेरेकला पाहिलं, तिला पाहिलं. "साहेब, तुमचा चहा निवतोय," तो म्हणाला. डेरेक पांढराफटक पडला होता, टोपी सावरत गेला.

"रेज, मी खोटं नाही रे बोलले. मला खरंच वाटलं उतरवल्या."

रेजनं हात वर करून तिला थांबवलं, खिशातून यंत्र काढून कानात बसवलं. "हं, बोल." तिला ते सगळं पुन्हा बोलावं लागलं. दुसऱ्यांदा बोलताना ती रडली.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "आत शिरतानाच दोर बघितले."

"आणि तसाच वर गेलास? खाली येऊन सांगता येत नव्हतं, मूर्खा?"

"चहाच्या टेबलावर? चारचौघांत? म्हटलं, झेंडा लावतो आणि गुपचूप उतरवतो. दाराला आतून कडी घालायचं तेवढं सुचलं नाही बघ." तो जमिनीकडे बघत राहिला. "ईस्टरपासून तेच करतोय, हिल्डा. लोलकांना चिंध्या बांधतो म्हणजे आवाज होत नाही."

"किती वेळा?"

"पाच."

आतापर्यंतची भीती रेजसाठी होती. ती शिडीवरून उतरून आली होती. ही दुसरी, स्वतःबद्दलची, कुठून उतरणार होती, कोण जाणे.

"किल्ली माझ्या खिशात आहे," ती शेवटी म्हणाली. "तूच काढून घे. माझ्या हातून नाही व्हायचं."

त्यानं आधी दोरावरची तिची बोटं एकेक करून सोडवली, मग किल्ली घेतली. "चल, उतरव आता," तो म्हणाला. "मी आहे इथे."

सहाही घंटा तिनं उतरवल्या, एकही चूक न करता. हिरवळीवरच्या पाहुण्यांना वाटलं हे आपल्यासाठीच चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. रेजनं दाराला कुलूप घातलं.

"सगळ्या उतरवल्या ना रे मी?" तिनं विचारलं.

"सगळ्या."

ती पुढे निघाली. दहाबारा पायऱ्या उतरली आणि भिंतीला धरून थांबली.

"रेज," ती म्हणाली, "त्या घंटा उतरवायच्या राहिल्यात का रे?"