विनापरवाना जमाव

पोर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचे रेणू आम्लाच्या थेंबाने आपणहून रांगेत जमतात, असं संशोधक बाईंनी अहवालात लिहिलं आणि कुलसचिव तणतणत प्रयोगशाळेत आले.

"यांना जमायची परवानगी कुणी दिली? पुढारी कोण यांचा?"

"पुढारी नसतो, साहेब. आपसूक जमतात." बाईंनी स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावरचा टोकदार सुळका दाखवला. "जमले की हा असा वर येतो."

"आधी पांगवा त्यांना."

वाद घालून उपयोग नव्हता. बाईंनी कुपीत अल्कलीचे दोन थेंब टाकले. हिरवं द्रावण लालसर झालं, सुळका बसला. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

मग खिडकीतून फाटकाशी घोषणा देणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "बाई, माणशी किती थेंब लागतील?"