पहिला घोट

समरने त्या शनिवारी बिबट्याच्या ठिपक्यांचं जाकीट घातलं होतं, पॉलिस्टरचं, ऑनलाइन मागवलेलं. झुलू लोकांत बिबट्याचं कातडं राजघराण्यातली आणि सरदार माणसंच अंगावर घेतात, हे सुहासिनीने त्याला आधीच बजावलं होतं. "Exactly! म्हणूनच तर घेतलं," असं म्हणून त्याने आरशासमोर कॉलर ताठ केली. त्याच्यापुढे डोकेफोड करायची तिला आता शिसारी आली होती.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातली ट्रॅव्हल कंपनी समरची, आणि आफ्रिकेच्या सहली सुहासिनीकडे. दोन वर्षांत कितीदा तरी ती दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुलू गावात थांडेकाच्या घरी राहून आली होती. थांडेका तिथल्या महिला मंडळाची प्रमुख. पाहुण्यांना आपल्याच घरी ठेवायचं, रांधून घालायचं, मणीकाम शिकवायचं, आणि त्या कमाईतून गावात पाळणाघर काढायचं, म्हणजे तरण्या आयांना लेकरं टाकून डर्बनला भांडी घासायला जावं लागणार नाही, असा त्या बायकांचा बेत होता. आज मंडळ, कंपनी आणि पैसे देणारा ट्रस्ट यांच्या करारावर सह्या झाल्या की हे सगळं सुहासिनीच्या हातात येणार होतं. समरची लुडबुड संपणार होती. तिचा जीव त्या सहीत अडकला होता.

त्याची बुद्धी मात्र 'झुलू नाइट'च्या पुढे जात नव्हती. "थांडेकाला सांग, डान्स जरा energetic हवा. आणि smile! लोक joy साठी पैसे देतात, यार." कोथरूडमध्ये वाढलेला हा माणूस आता 'native' हा शब्द स्वतःला वगळून वापरायचा.

थांडेका आठवडाभर सुहासिनीच्या घरी उतरली होती. तिने तिथेच ज्वारीची बिअर आंबवली. घरभर आंबूस वास. ढवळता ढवळता तिने सांगितलं होतं, जिने केली तिने पहिला घोट पाहुण्यांसमोर घ्यायचा. त्यात वाईट काही नाही याची ती ग्वाही. "आमच्याकडे त्याला उष्टं म्हणतात, देवापुढेही ठेवत नाहीत," सुहासिनी म्हणाली होती, आणि दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

हे समरला सांगायला हवं होतं. सकाळी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये खुर्च्या लावताना तिच्या ओठांवर आलंही होतं. पण मग तिला वाटलं, कशाला? तोंडावर आपटू दे एकदा चारचौघांत. याची लायकी सगळ्यांनाच दिसू दे. ती गप्प बसली, आणि मनातून तिला मजाही वाटली.

ट्रस्टचे इंग्रज पाहुणे आले. थांडेका गुडघ्यांवर बसली, बिअरच्या मडक्यावरचं गवताचं झाकण काढलं, फेस बाजूला सारला आणि मोठा घोट घेतला. मग दोन्ही हातांनी मडकं ट्रस्टच्या चेअरमनपुढे धरलं.

"One second, one second!" समरने झडप घालून मडकं काढून घेतलं आणि सुहासिनीच्या कानाशी फिसकारला, "अगं, उष्टं केलं तिने! Hygiene वगैरे काही आहे की नाही?" पबमध्ये कुणाच्याही ताटातले चिप्स उचलणाऱ्या या माणसाला आता सोवळं आठवलं. किचनमध्ये जाऊन त्याने मडकं सिंकमध्ये उपडं केलं आणि बादलीत उरलेली बिअर कागदी पेल्यांत ओतून आणली. "In our culture, guest comes first," असं म्हणत वाटलीसुद्धा.

सुहासिनीने हसू दाबलं आणि थांडेकाची नजर शोधली. ती हसत नव्हती.

"पिऊ नका," थांडेका चेअरमनच्या पेल्यावर हात ठेवून म्हणाली. "ही मी चाखलेली नाही." मग शांतपणे तिने कारण सांगितलं. पाहुण्यांनी पेले एकेक करून खाली ठेवले.

"What a lovely story! ब्रोशरमध्ये घेऊ!" समर टाळ्या वाजवत म्हणाला. कुणीच साथ दिली नाही.

थांडेकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. टेबलावरचा करार सही न करताच बाजूला सारला, दुसरी कंपनी शोधू असं चेअरमनना सांगितलं आणि ती सुहासिनीपाशी आली.

"त्याला माहीत नव्हतं," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. "तुला माहीत होतं."

"मला वाटलं, त्याची फजिती होईल. तो आहेच तसला, थांडेका, तुला माहितीये..."

"माझं मडकं तुझ्या डोळ्यांदेखत किचनमध्ये गेलं. उद्या आमच्या बायकांच्या घरात असेच लोक शिरले असते, आणि तू अशीच बाजूला उभी राहून हसली असतीस."

लाजेने सुहासिनीचे कान तापले. चेअरमन दाराशी थांडेकासाठी थांबला होता.

"संध्याकाळी बॅग घ्यायला येईन," थांडेका म्हणाली. "तू घरी नसलीस तर बरं. किल्ली शेजारी ठेव."