सिद्धम्माचा शेवटचा फोटो

मी सोमेश्वरअप्पांचा रशियन कॅमेरा बोलतोय. माझ्या पाठीवर ज्या देशाचा शिक्का आहे तो देश केव्हाच मोडला. मी मात्र अजून शाबूत आहे. खार्कोव्हच्या कारखान्यात जन्मलो, हैदराबादच्या जुन्या बाजारात विकायला बसलो आणि तिथून अप्पांच्या गळ्यात पडून पाथरीला आलो. मी थंड मुलखातला. इथल्या उन्हानं माझं कातडं सोलून काढलं, पण तक्रार कुणाकडे करणार?

बस स्टँडमागे अप्पांचा छोटा स्टुडिओ होता. लग्न-बारशाचे फोटो कुणीही काढायचं. अप्पांना आवर्जून बोलावणं यायचं ते शेवटच्या फोटोसाठी. त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग देऊन बसवतात. घरचे भोवती बसतात आणि फोटो निघतो. पुढे तोच भिंतीवर लागतो. "सगळ्यांनी इकडं बघा," अप्पा हळूच म्हणायचे आणि रडणारी माणसंही तेवढ्यापुरता पदर नीट करायची. मला हसू यायचं, मग लाज वाटायची.

पुढे मोबाइल आले. स्टुडिओला कुलूप लागलं आणि माझी रवानगी कपाटात, साड्यांच्या खाली झाली. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात कापायला लागले.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं, शिवरंजनीनं, मला बाहेर काढलं. ती परभणीला नोकरी करते. हल्ली शिकल्यासवरलेल्या मुलांना जुन्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय म्हणे. तिनं पुण्याहून रोल मागवला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत माझ्या पोटात घातला. रोलचं टोक पलीकडच्या फिरकीच्या खाचेत घट्ट अडकवावं लागतं. तिनं ते नुसतं टेकवलं. माझी पाठ बंद झाली आणि पहिल्याच ओढीला टोक निसटलं.

रोल तिनं आईसाठीच आणला होता. सिद्धम्मा तेव्हा अंथरुणाला खिळलेली. "बरी झाल्यावर काढ गं. आत्ता कसला अवतार हाय माजा!" ती म्हणायची.

सिद्धम्मा बरी झाली नाही.

तिला ओसरीत बसवलं. पुतण्या रामलिंगनं खिशातून मोबाइल काढला, तसे अप्पा कडाडले, "ठेव ते आत! जन्मभर लोकांच्या माणसांचे फोटो काढले म्या. हिचा याच क्यामेऱ्यानं निघंल."

सगळ्यांचे मोबाइल आत गेले. शिवरंजनीनं मला डोळ्याला लावलं. समोर सिद्धम्मा, मान जराशी कललेली, जावेनं मागून हात लावून धरलेली. मी खट् वाजलो. पुन्हा वाजलो. दर वेळी वरचा आकडा पुढे सरकत होता, पण आत रोल जागचा हलत नव्हता, म्हणजे एकही फोटो उमटत नव्हता. कुणीतरी मोबाइल काढा रे, एक तरी काढा, असं मला जीव तोडून ओरडायचं होतं. पण माझ्याकडे आवाज एकच, तो खट्. आणि त्याच आवाजानं त्यांना फोटो निघाल्याची खात्री पटत होती.

मग तिला समाधीसाठी उचललं.

पाहुणे पांगल्यावर अप्पांनी मला मांडीवर मागून घेतलं.

"किती ऱ्हायले गं?"

"थोडे हायत अप्पा. संपले की धुवायला पाठवते."

अप्पांनी माझ्या डावीकडचं बटण चिमटीत धरलं आणि उजवीकडची पट्टी ओढली. रोल पुढे जात असला की हे बटण आपोआप फिरतं. ते फिरलं नाही. त्यांनी खट् केलं, पुन्हा ओढली. बटण तसंच राहिलं, तेव्हा त्यांनी पट्टीवरचं बोट काढून घेतलं.

"काय झालं अप्पा? बिघडला का?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं माझी काच पुसली. मग म्हणाले, "न्हाई, माय. लय चांगला चालायलाय. ऱ्हायलेले माज्या येळेला ठेव. दोघांचे संगंच धुऊन आण."

"असं काय बोलायलाव अप्पा?"

"ठेव म्हणलो ना. तवर उघडू नको."

अप्पांना सगळं कळलं होतं. आपलाही फोटो असाच वाया जाणार, हेसुद्धा. लेकीला आज रडवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. त्यांचा मला राग येतो आणि गहिवरूनही येतं.

आता मी देवघराशेजारच्या फळीवर असतो. शिवरंजनी दर रविवारी येते. माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढते, फूल ठेवते, हात जोडते. "आई, येते गं," असं माझ्या काचेला सांगते. खाटेवर अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

बाई, माझ्यापुढे हात जोडू नकोस. आत तुझी आई नाही.