धोट्याचा मुका

"नेल, वेणी आत घे," समोरचे ओठ म्हणाले, आणि नेल डकवर्थचा हात मागाच्या दांड्यावर होता तिथेच राहिला.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या त्या कापडगिरणीत शेकडो मागांच्या खडखडाटापुढे माणसाच्या आवाजाला काडीची किंमत नव्हती. विणकर बायका ओठ मोठे हलवून बोलत आणि डोळ्यांनी ऐकत. मुकादमाला त्याच्या देखत शिव्या घालायला ही सोय फार चांगली होती. पण आता समोर होती देल्फिन, कॅनडातल्या क्वेबेकहून नुकतीच आलेली, आणि तिला इंग्रजीचा गंधही नव्हता. वेणी मागाच्या फिरत्या पट्ट्यात अडकेल म्हणून नेलला दिवसातून दहादा टोकणारी एकच बाई होती, मार्था रिग्बी. तिला पुरून तीन आठवडे झाले होते.

देल्फिनला मार्थाचेच माग मिळाले होते आणि आडवा धागा नेणारे मार्थाचेच धोटे. सुताची नवी कांडी आत घातली की धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि दम ओढून धागा बाहेर काढायचा. बायका याला धोट्याचा मुका म्हणत. तारेच्या आकड्यानंही धागा निघे, पण तेवढी सवड कुणाला होती? मार्थानं बावीस वर्षं मुके घेतले. आधी पुढचे दात गेले, मग खोकल्यातून रक्त पडू लागलं.

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तशी नेलनं देल्फिनला गाठलं.

"मघाशी काय म्हणालीस गं मला?"

देल्फिननं खांदे उडवले आणि आपल्या फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटली. शेजारची ॲडा पिलिंग पाव चघळत म्हणाली, "अगं, तिला धड पाणी मागता येत नाही. तुझे कान गेलेच होते, आता डोळेही गेले वाटतं."

नेल हसली खरी, पण तिनं आपला पाव तसाच फडक्यात बांधून ठेवला.

दुपारी माग सुरू झाले. देल्फिननं धोट्याचा मुका घेतला. तिची नजर कामावर होती, पण ओठ नेलकडे वळले, डाव्या कोपऱ्यात किंचित वाकडे झाले. मार्थाचे व्हायचे तसेच.

"त्या वेळी खोटं बोललीस, नेल."

ती वेळ नेलला लगेच आठवली. वसंतात कामगार बायकांसाठी झटणाऱ्या मंडळाच्या विटकॉम्बबाई पाहणीला आल्या होत्या. मुकादम हॉवर्थनं सकाळीच सगळ्यांच्या हातात आकडे दिले होते. "तोंडानं धागा ओढता का?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांच्या मागून मार्था ओठांनी विनवत होती, सांग ना, सांग. नेल म्हणाली होती, "छे हो, आकड्यानंच काढतो." नोकरी गेली तर खायचं काय, हा प्रश्न मार्थाच्या खोकल्यापेक्षा मोठा वाटला होता तिला.

आणि आज हॉवर्थ पुन्हा आकडे वाटत येत होता.

नेलजवळ येताच तो तिच्या कानाशी ओरडला, "बाई आल्यायत. काय सांगायचं ते ठाऊक आहे ना?"

विटकॉम्बबाई आल्या. त्यांनीही ओरडूनच तोच प्रश्न केला. हॉवर्थ शेजारी उभा होता. देल्फिन आकडा उलटा धरून बावळटासारखी पाहत होती, आणि तिचे ओठ काहीच बोलत नव्हते.

नेलनं हातातला आकडा खाली टाकला. देल्फिनच्या मागावरचा मार्थाचा धोटा उचलला, कांडी बसवली आणि भोकाला ओठ लावले. लाकूड ओलं, गार होतं. तिनं दम ओढला, तर पलीकडूनही कुणीतरी दम ओढतंय असं वाटलं. तिची छाती रिकामी होत गेली. मग धागा सुटला आणि जिभेवर आला. तो तिनं बोटांनी बाहेर काढून बाईंच्या तोंडासमोर धरला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वहीत लिहून घेतलं. हॉवर्थचे ओठ हलले, एप्रन काढ नि चालती हो. त्याला ओरडायची गरज नव्हती.

नेल शाल गुंडाळून निघाली, तेवढ्यात देल्फिननं धावत येऊन तिची बाही धरली. ती काहीतरी सांगत होती, कळवळून. नेलनं सगळा जीव डोळ्यांत आणून पाहिलं. ते ओठ सरळ होते, तरणे, परक्या भाषेतले. त्यातला एक शब्दही तिला कळला नाही.

"बोल ना, मार्था," नेल म्हणाली, आणि एवढ्या खडखडाटात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.