डाव्या डोळ्यासमोरची तार

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. दुचाकीवर घालतात तसले नव्हे. मला पुढे लोखंडी तारांची जाळी आहे आणि ती कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा झाकते. मी हॉकीच्या गोलकीपरचे हेल्मेट आहे, आणि तेही बर्फावरच्या हॉकीचे. आता मी सुरतेत नवागामच्या एका खोलीत, भिंतीवरच्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी राहते. इथे मला बर्फाबद्दल विचारणारे कोणी नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. कोणत्या गावी ते मला सांगता येणार नाही. हेल्मेटांना गाव सांगत नाहीत. एका अनोळखी मुलाने मला चार हिवाळे डोक्यावर घातले. त्याच्या श्वासाची वाफ माझ्या जाळीवर गोठून बसायची. मग तो मोठा झाला, मी त्याला घट्ट होऊ लागले आणि जुन्या सामानाच्या खोक्यातून समुद्रापार आले.

मला विकत घेतले प्रभाकर सरांनी. सर बँकेतून निवृत्त झालेले. उधन्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी चाकांच्या स्केट्सवर खेळण्याचे एक रिंक उभे केले होते. बर्फ नाही, गुळगुळीत फरशी. बाकी खेळ तोच. तीच वाकडी काठी, आणि तीच काळी कडक चकती, जी गोळीसारखी येते. मे महिन्यात पत्रे इतके तापायचे की माझ्या आतला स्पंज घामाने चिंब व्हायचा. पहिल्या वर्षी मला वाटे, आपण चुकीच्या जगात आलो.

मग मला मनीषा मिळाली.

मनीषा नवागामची. तिचे वडील, दगा, शिरपूरकडून येऊन कापडाच्या लूमवर कामाला लागलेले. ती स्वतः पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये रंगून आलेल्या साड्या तपासायची. टेबलावरून कापड सरकत जाई आणि त्यातला सुटलेला धागा, रंगाचा डाग ती बोट ठेवून दाखवी. दिवसभर हे करून संध्याकाळी ती रिंकवर येई, पायांना जाड पॅड बांधी आणि मला डोक्यावर चढवी. मी तिला असे बसले की जणू मोजून केले होते.

मित्रांनो, गोलकीपर हा संघातला सर्वांत एकटा माणूस असतो. बाकीच्या पाच जणी एकमेकींकडे चकती देतात, ओरडतात, आपटतात, हसतात. गोलकीपर मागे उभी. गोल झाला की सगळ्या पुढे धावतात, आणि ही आपल्या जागेवरून काठी उंचावते. गोल खाल्ला की सगळ्या तिच्याकडे वळून पाहतात. मनीषा खेळताना पुटपुटायची, ते फक्त मला ऐकू यायचे. “ये, ये, इकडे ये,” असे ती चकतीला म्हणायची.

आमच्या संघाचे नाव सुरत शटल्स. लीग सहा शहरांची, मानधनावर खेळणाऱ्या मुलींची. कप्तान होती केतकी. ती सरांच्या जुन्या बँकेतल्या एका साहेबांची मुलगी, अडाजणच्या मोठ्या सोसायटीत राहणारी; पण मनीषाशी तिची गट्टी जमली. सामना सुटला की दोघी एकाच गाडीवर बसून गोळा खायला जात. मी मनीषाच्या कोपरावर अडकवलेले असे. सुरतेत मला बर्फ भेटला तो एवढाच, काला-खट्टा घातलेला.

त्या वर्षी आम्ही लीग जिंकली. अंतिम सामन्यात शेवटची पेनल्टी मनीषाने छातीवर घेतली. केतकीने येऊन आम्हा दोघींना, म्हणजे तिला आणि मला, एकदमच मिठी मारली. नवागामच्या गल्लीत ढोल वाजला. दगांनी मला हातात धरून शेजाऱ्यांना दाखवले. माझ्यावर कुंकू लावले गेले. इतके कौतुक मला बर्फावरही मिळाले नव्हते.

पुढचा हंगाम आम्ही गतविजेते म्हणून सुरू करणार होतो. रिंकच्या दारावर ‘विजेते’ असे लिहिलेला फलक लागला. पण फलक लागला त्याच आठवड्यात केतकी पुण्याला गेली. तिला तिथे नोकरी लागली आणि पुण्याच्या संघाने तिला घेतले. तिच्यामागून आणखी दोघी दुसऱ्या संघांत गेल्या.

“तू पण चल ना, मनू,” निघताना केतकी म्हणाली. “तिकडे गोलकीपर हवीच आहे.”

“आणि घर? मिल?” मनीषाने विचारले. मग हसून म्हणाली, “जा तू. मी आहे इथे.”

ती होती तिथे. मीही होते. पण विजेतेपद हे काय ओझे असते ते आम्हाला तेव्हा कळले. प्रत्येक संघ आमच्याविरुद्ध असा खेळे, जणू त्यांचा तोच अंतिम सामना. आम्ही पहिले तिन्ही सामने हरलो. वडोदऱ्याने सात गोल केले. प्रेक्षक कमी होत गेले, आणि जे येत त्यांतले काही जाळीमागून मुद्दाम हाक मारत, “ओ चॅम्पियन! जरा इकडे बघ!” मनीषा बघायची नाही. तिने पुटपुटणे मात्र सोडले. सामनाभर तिचा श्वास तेवढा माझ्या आत घुमत राही. आता गोळ्याच्या गाडीकडे कोणी जात नसे. ती पॅड सोडून मला पिशवीत टाकी आणि बसला उभी राही.

सहाव्या सामन्यात नाशिकच्या मुलीचा एक जोरदार फटका थेट माझ्या जाळीवर आला. माझ्यात काहीतरी तुटले. डाव्या डोळ्यासमोरची आडवी तार जिथे जोडलेली होती, तिथला जोड सुटला. बाहेरून पाहणाऱ्याला दिसले नसते. पण मला कळले, आणि मनीषालाही कळले. दिवसभर सुटलेले धागे शोधणाऱ्या बाईपासून सुटलेली तार कशी लपणार?

ती बाकावर बसली आणि तिने अंगठ्याने तार दाबून पाहिली. तार आत गेली. तो सामना आम्ही जिंकलो होतो, हंगामातला पहिला. बाजूला मुली नाचत होत्या.

“काय झालं गं?” नवी कप्तान प्राजक्ता हिने विचारले.

“काही नाही,” मनीषा म्हणाली.

प्रभाकर सरांनीही लांबूनच विचारले, “मनीषा, सगळं ठीक ना?” तिने होकारार्थी मान हलवली. सर पुढे गेले. त्यांना त्या विजयाची फार गरज होती. ते हसत होते.

घरी तिने काळ्या जाड दोऱ्याने ती तार बांधली. माझ्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, “नवीन मागवलं तर महिना लागेल. तोवर कोण उभं राहील? स्नेहा?” स्नेहा आमची दुसरी गोलकीपर, सतरा वर्षांची, अजून एकही सामना न खेळलेली. तिचे हेल्मेट लहान, ते मनीषाच्या डोक्यात जात नसे. “थोडेच सामने उरलेत,” मनीषा म्हणाली. “तेवढं सांभाळ.”

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी नाही म्हटले असते. ज्या कामासाठी मला घडवले, नेमके तेच काम मला जमणार नव्हते. आणि हे माहीत असलेली ती एकटी होती. मी तिच्या डोक्याला इतके चिकटून होते, तरी तिला माझा काही उपयोग नव्हता.

आणि नवल म्हणजे आम्ही जिंकू लागलो. मनीषा जिवावर उदार होऊन खेळत होती. आम्ही कसेबसे चौथ्या क्रमांकावर आलो आणि उपांत्य फेरी गाठली. सामना सुरतेतच होता. समोर पुणे. पुण्याच्या कप्तानाच्या गणवेशात केतकी.

त्या दिवशी शेड पुन्हा भरले. दगा रजा काढून आले होते. दोघी मैत्रिणी समोरासमोर आल्या तेव्हा केतकी म्हणाली, “फोन का उचलत नाहीस?” मनीषा म्हणाली, “वेळ नसतो.” एवढेच.

शेवटची आठ मिनिटे उरली तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. प्राजक्ताच्या हातून चूक झाली आणि पुण्याला पेनल्टी मिळाली. मारायला केतकी आली. आता रिंकवर फक्त दोघी, आणि मी.

केतकीने काठी टेकली, वर पाहिले, आणि तशीच उभी राहिली. तिची नजर माझ्यावर होती. आधीच्या धडकेत काळा दोरा तुटून जाळीबाहेर लोंबत होता.

“मार ना,” मनीषा म्हणाली.

केतकीने पंचांकडे हात वर केला. “सर, थांबा!”

“शुं थयुं?” पंच जवळ आले.

“केतकी, नको,” मनीषाचा आवाज अगदी बारीक झाला. “प्लीज. नको सांगूस.”

“तिच्या हेल्मेटची तार सुटलीय,” केतकी म्हणाली. “डोळ्यासमोरची. बघा तुम्ही.”

पंचांनी बोट लावले आणि तार आत गेली. त्यांनी मान हलवून मनीषाला बाहेरची दिशा दाखवली. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. प्राजक्ता धावत येऊन केतकीला म्हणाली, “घाबरलीस ना तिला? म्हणून हे नाटक!” केतकी पुन्हा चकतीमागे जाऊन उभी राहिली.

मनीषा बाकावर बसली. मी तिच्या मांडीवर. स्नेहा गोलमध्ये उभी राहिली, मनीषाने शिकवल्याप्रमाणेच वाकून. केतकीने फटका मारला. चकती उसळून स्नेहाच्या जाळीवर, डाव्या डोळ्यासमोर, ठणकन आदळली आणि तिथून घसरून गोलमध्ये पडली.

स्नेहाला काही झाले नाही. तिची जाळी शाबूत होती. पण मनीषाने मला धरलेले दोन्ही हात गार पडले. ते मला कळले. थंडी मी ओळखते.

आम्ही तीन-दोन असे हरलो. विजेतेपद गेले. सामना संपल्यावर केतकी हेल्मेट काढून आमच्या बाकाकडे आली आणि बराच वेळ उभी राहिली. मनीषाने मान वर केली नाही. तिला राग होता की लाज, हे मलाही समजले नाही. शेवटी केतकी गेली.

प्रभाकर सरांनी मला उचलून घेतले. त्यांनी तार जराशी ओढली आणि ती त्यांच्या हातातच आली. ते ती तार हातात धरून मनीषाशेजारी बसले.

“किती दिवस?” त्यांनी विचारले.

“नाशिकपासून.”

सरांनी ती तार बोटांत फिरवली. “मी विचारलं होतं तुला,” ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, “नाही. चालता चालता विचारलं होतं.”

घरी जाताना बसमध्ये मनीषा रडली. दगांनी तिचा चेहरा हाताने आपल्याकडे वळवला. “माले खेळमा काही समजत नही, माय,” ते म्हणाले. “पन तुना डोया शाबूत शेतस ना? मंग रडू नको.”

आठवड्याने पुण्याने चषक जिंकला. मनीषाने तो सामना मोबाईलवर एकटीने पाहिला. शेवटी तिने केतकीला चार शब्द लिहिले, “तुझं बरोबर होतं. अभिनंदन.” उत्तर लगेच आले. दोघींचे बोलणे पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीसारखे नाही. काही गोष्टी जोडल्या तरी जोड दिसतोच.

मनीषा आजही खेळते. तिच्या डोक्यावर नवे हेल्मेट असते, आणि ते तसेच असायला हवे. मी फळीवर असते. ती पीठ काढताना कधी माझ्यावरची धूळ पुसते, कधी विसरते. मिलची पाळी सुरू झाली की खोली दिवसभर रिकामी असते, आणि छताच्या पत्र्याच्या फटीतून ऊन सरकते तेवढेच मी पाहते.

मित्रांनो, ज्या वस्तू तुमचे रक्षण करतात त्यांची काळजी घ्या. त्या तुटल्या तर दोऱ्याने बांधून वेळ मारून नेऊ नका. आणि तुमच्या संघात, वर्गात, घरात कोणीतरी सगळ्यांच्या मागे एकटे उभे असेल. जिंकल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याच्या डोळ्यांत पाहून विचारा, “बरं आहे ना?” तो म्हणेल, “काही नाही.” तिथून उठू नका. पुन्हा एकदा विचारा.