गंजावरचा काळा रंग

मित्रांनो, माझं इंजिन काढून झालं आहे. चाकंही गेली. एनस्खेडे शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात मी लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकून उभी आहे. माझा नंबर लागायला अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात माझी हकिगत सांगून टाकते.

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. सत्तावीस वर्षांपूर्वी मी जहाजातून रॉटरडॅमच्या बंदरात उतरले, तेव्हा माझा निळा रंग इतका चकचकीत होता की बंदरावरचे कामगार माझ्यात बघून केस नीट करायचे. पहिली पंधरा वर्षं मी एका रोपवाटिकेत रोपं वाहिली. मग बेरेंडने मला घेतलं.

बेरेंड जर्मनीच्या सीमेजवळच्या एका खेड्यात राहायचा. गाई विकून टाकलेला, हातापायांनी मजबूत, कमी बोलणारा शेतकरी. त्याची बायको मीना. हो, तिचं नाव खरंच मीना होतं. शेजारी राहायला आलेल्या संपदाला ते ऐकून फार गंमत वाटली होती. "अहो, हे तर आमच्याकडचं नाव!" असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि दोन्ही घरांत जाणंयेणं सुरू झालं. संपदा आणि तिचा नवरा यतीन पुण्याचे. यतीन एनस्खेडेच्या तंत्रज्ञान विद्यापीठात प्रयोगशाळेसाठी यंत्रं बनवायचा.

मुख्य रस्त्यापासून त्यांच्या घरांपर्यंत जवळजवळ एक किलोमीटरची अरुंद वाट होती. दोन्ही बाजूंना पाण्याचे चर. वाट खाजगी, त्यामुळे बर्फ पडला की मुख्य रस्ता साफ व्हायचा आणि आमची वाट तशीच राहायची.

त्या मुख्य रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात. मिठाने बर्फ वितळतो, माणसं घसरत नाहीत. पण तेच मीठ चाकांबरोबर उडतं आणि आमच्या पोटाला जाऊन चिकटतं. बेरेंडला हे माहीत होतं. थंडी सरली की तो मला फळ्यांवर चढवायचा आणि खालून पाण्याचा फवारा मारून धुऊन काढायचा. पुढे मीनाचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. त्या वर्षी धुणं राहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं. मी तक्रार केली नाही. घरात आजारी माणूस असताना गाडीचं पोट कोण धुतं?

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मीनाच्या छातीत कळ आली. आदल्या दिवसापासून बर्फ पडत होता. अँब्युलन्स आली, वाटेत थोडी आत शिरली आणि रुतली. बेरेंडने मला चालू केलं. मी जागच्या जागी चाकं फिरवत राहिले, फूटभरही पुढे सरकले नाही. यतीन फावडं घेऊन धावला. शेवटी अँब्युलन्सची माणसं स्ट्रेचर उचलून चालत आली. दुपारी मीना गेली. वेळेवर पोचलो असतो तरी फरक पडला नसता बहुतेक, असं डॉक्टर म्हणाले. बेरेंडने ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

त्यानंतर तो माणूस खुर्चीतून उठेनासा झाला. त्याची मुलगी इल्से लायडनहून दर रविवारी यायची, फ्रीज भरून जायची. संपदा वरण-भात नेऊन द्यायची, तो दोन घास खायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

ऑक्टोबरमध्ये यतीनने त्याला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. सीमेपलीकडच्या डोंगरातलं एक हॉटेल बंद पडलं होतं आणि त्यांचं बर्फ ढकलायचं पातं विकायला होतं. गाडीच्या नाकावर बसवायचं, दोन मीटर रुंदीचं, पोलादी. बेरेंडने चष्मा मागितला. फोटो मोठा करून बघितला. "यंदा वाट बंद राहणार नाही," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने स्वतःहून दाढी केली.

ते पातं माझ्याच हौद्यात घालून आणलं. माझं ओझं मीच वाहून आणलं म्हणा ना.

जुनं पातं जुन्या गाडीला बसवणं म्हणजे दोन म्हाताऱ्यांचं लग्न लावण्यासारखं असतं. त्याचं मागचं ब्रॅकेट दुसऱ्याच जातीच्या गाडीसाठी केलेलं. त्याची भोकं माझ्या भोकांशी जुळेनात. यतीनने मापं घेतली, नवी जाड प्लेट कापून आणली. पातं वरखाली करायचा पंप माझ्या बॅटरीला जोडला. नाकावर अडीचशे किलो आल्यावर माझी पुढची स्प्रिंग बसली, म्हणून मागे हौद्यात वाळूची पोती टाकली. चार शनिवार दोघे बेरेंडच्या शेडमध्ये राबत होते. बेरेंड पाने हातात देता देता मीनाच्या गोष्टी सांगायचा. इतकं बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी यतीनने माझा पुढचा बंपर काढला. त्यामागे माझ्या चॅसीची टोकं असतात. सगळी गाडी ज्या दोन पोलादी दांड्यांवर उभी असते, ती चॅसी. पात्याचा सगळा भार तिथेच येणार होता. यतीनने उजव्या टोकावर स्क्रूड्रायव्हर टेकवून सहज दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

यतीन तसाच जमिनीवर बसून राहिला. बेरेंड कॉफी करायला घरात गेला होता. तेवढ्यात संपदा डबा घेऊन आली.

"काय रे, चेहरा का असा झालाय?"

"चॅसी गेलीये. उजवीकडून आत नुसता चुरा आहे."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? या गाडीला पातं लागणार नाही म्हणून? संपदा, वर्षभरात पहिल्यांदा हा माणूस सकाळी उठून काहीतरी करतोय."

"अरे, पण तू इंजिनियर आहेस."

"म्हणूनच सांगतोय. वरून प्लेट मारतो, एक हिवाळा निघेल. मार्चमध्ये सडका भाग कापून नवीन घालू. तेव्हा सांगतो त्यांना."

संपदा काहीतरी बोलणार होती. दारात बेरेंड कॉफीचे मग घेऊन उभा राहिला, आणि ती गप्प बसली.

"खालून कशी आहे आपली म्हातारी?" बेरेंडने विचारलं.

"खुत," यतीन म्हणाला. डच भाषेत खुत म्हणजे चांगलं.

मग यतीनने गंज घासला, जेवढा निघाला तेवढा. त्यावर पोलादाची पट्टी वेल्ड केली. वेल्डिंग कडांना धरलं खरं, पण धरायला खाली निरोगी धातूच कमी होता. वरून त्याने जाड काळा रंग मारला. आणि खरं सांगू का मित्रांनो, मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी मला कुणी रंग लावत होतं. मीनाच्या वेळी मी उपयोगी पडले नव्हते, आता पडणार होते. माझ्या आत काय आहे ते मला माहीत होतं, तरी मला तो रंग हवासा वाटला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बर्फ आला. पहिल्या सकाळी बेरेंडने पातं खाली टेकवलं आणि आम्ही निघालो. बर्फ पात्यावरून वळत वळत कडेला पडत होता. वाटेच्या तोंडापर्यंत पोचून मागे वळलो, तेव्हा मागे काळी, स्वच्छ वाट दिसत होती. बेरेंडने टोपी काढली आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने इल्सेला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी कुरकुरायला लागले. पातं उचललं की उजवीकडून करकर आवाज यायचा. संध्याकाळी यतीनने तो ऐकला.

"हा आवाज कधीपासून?"

"आजपासून," बेरेंड हसला. "थंडीत माझे गुडघेही असेच वाजतात."

यतीनने वाकून टॉर्च मारला. काळ्या रंगावर केसाएवढी एक रेघ उमटली होती. ती त्याने बघितली. मला माहीत आहे, कारण टॉर्चचा उजेड तिच्यावरून दोनदा फिरला.

"शनिवारी बघतो," तो म्हणाला. "तोवर जरा हळू चालवा."

शनिवार तीन दिवसांवर होता.

गुरुवारी सकाळी बेरेंड एकटाच निघाला. सीटचा पट्टा लावला नाही. आपल्याच वाटेवर कोण लावतं? वाटेच्या तोंडाशी मुख्य रस्त्यावरून सरकलेला बर्फ साचून दगडासारखा घट्ट झाला होता. पातं त्याला धडकलं. उजवं टोक फाटलं. मला कळलं, पण तोपर्यंत पातं एका बाजूने जमिनीत रुतलं होतं आणि त्याने माझं नाक उजवीकडे ओढलं. मागची वाळूची पोती घसरून बैठकीमागच्या पत्र्यावर आदळली. आम्ही चरात गेलो. बर्फाचा पातळ थर फुटला आणि बेरेंडच्या खिडकीतून पाणी आत आलं.

यतीन सायकलवरून कामाला निघाला होता. त्याने सायकल टाकली आणि छातीभर पाण्यात उतरला. बेरेंडचे पाय अडकले होते. यतीनने एका हाताने माझं दार धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याचं डोकं पाण्यावर धरून ठेवलं. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत वीस मिनिटं तो तसाच उभा होता. त्याचे ओठ निळे पडले होते.

"वाट मोकळी झाली का?" बेरेंडने विचारलं.

"झाली," यतीन म्हणाला. तो रडत होता.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच बेरेंड वारला.

मला ओढून परत शेडमध्ये आणून ठेवलं. पोलिसांचा माणूस आला, फोटो काढून गेला. जुनी गाडी, गंज, बर्फ, असं काहीतरी त्याने लिहून घेतलं. पट्टीबद्दल त्याने कुणाला विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर इल्से घर आवरायला आली. ती शेडमध्ये आली, तेव्हा यतीन आणि संपदा तिच्याबरोबर होते.

"मला तुमचे आभार मानायचे आहेत," इल्से म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात बाबा रोज फोन करत होते. आई गेल्यापासून ते एवढं बोलले नव्हते."

यतीनने माझ्या फाटलेल्या टोकावर हात ठेवला.

"इल्से, हे सडलेलं मला आधीच दिसलं होतं. मी वरून पट्टी मारली आणि रंग दिला. त्यांना सांगितलं नाही."

"मलाही माहीत होतं," संपदा म्हणाली. "मीही बोलले नाही."

छपरावरून वितळलेला बर्फ टपटपत होता.

"बाबांनी विचारलं होतं तुम्हाला?"

"हो."

"मग?"

"चांगलं आहे म्हणालो. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं."

इल्सेने मान हलवली. "वाटलंच असतं. चिडले असते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नसते. मग फावडं घेऊन बाहेर पडले असते." तिचा आवाज चढला नाही. "आता तुम्ही जा."

ते गेले. दुसऱ्या दिवशी यतीन स्वतः पोलिसांकडे गेला आणि सगळं लिहून दिलं. ती चौकशी अजून चालू आहे, असं मला इथे आणून सोडणारा माणूस सांगत होता. संपदाने एकदा डबा नेला होता. इल्सेने दार उघडलं नाही. आता त्या घरावर विकण्याची पाटी लागली आहे.

मित्रांनो, क्रेन माझ्या बाजूला वळते आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, पाळणा किंवा शिडी असेल, तर वर्षातून एकदा तरी वाकून तिच्या खाली बघा. तिला धुवा, पुसा, तेल द्या. काही सडलेलं दिसलं तर त्यावर रंग मारू नका. ज्याला तिच्यावर बसायचं आहे त्याला त्याच दिवशी सांगा. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. वाईट वाटलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठतो.