कॉम्प्युटरनं खाल्लं

मित्रांनो, आजवर तुम्ही जुन्या छत्रीची कहाणी ऐकली असेल, पडक्या विहिरीची ऐकली असेल, फाटक्या पुस्तकाचीही ऐकली असेल. ती सगळी बिचारी गोड बोलतात आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. मी एक जुना डेटाबेस आहे आणि मला गोड बोलता येत नाही. मला राग आला आहे. ज्यांचा आला आहे, त्यांची नावं घेऊनच मी बोलणार आहे.

डेटाबेस म्हणजे नोंदी सांभाळणारा. बँकांमध्ये माझे मोठे भाऊबंद असतात. त्यांना थंडगार खोली असते, स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर असतो, दिमतीला माणसं असतात. मी त्यांच्यातला नव्हे. मी अवघी एक फाइल. ज्या प्रोग्रॅमला माझी गरज असते, त्याच्याच पोटात राहून मी काम करतो. तुमच्या घरातल्या फोनमध्येही माझ्या जातीचे कितीतरी जण गुपचूप राबत असतात. आम्हाला पहारेकरी लागत नाही, वेगळी जागा लागत नाही. फक्त घरातल्या माणसांनी आमच्याशी नीट वागावं लागतं, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

मला जन्माला घातलं निरंजननं. तो सांगवीला राहतो आणि लहान कारखान्यांना प्रोग्रॅम लिहून देतो. कुरुळीच्या बबनरावांनी आपल्या शेतात शेड ठोकून वर्कशॉप काढलं होतं. तिथं गाड्यांच्या पंपाच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या तयार होतात आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीला जातात. बॉडीला कुठं बारीकसं भोक नाही ना, हे बघायला एक यंत्र आहे. बॉडी त्यात आवळायची, हवा भरायची आणि दाब किती उतरतो ते पाहायचं. हिरवा दिवा लागला की नग पास. मग त्यावर पिवळा ठिपका मारायचा. नगाचा नंबर, उतरलेला दाब आणि तपासणाऱ्याचं नाव, एवढं मी लिहून ठेवायचं.

निरंजन हुशार आहे, पण त्याला सदा घाई. दाबाच्या रकान्यात फक्त आकडाच घ्यायचा, हे त्यानं मला बजावून सांगायला हवं होतं. आमच्या जातीला सांगितलं नाही तर आम्ही समोर येईल ते घेतो. निरंजन म्हणाला, "चालतंय. आकडे मशीनच पाठवणार आहे, हातानं कोण भरतंय?"

पुढं एकदा मशीनची वायर सैल झाली आणि आकडे हातानं भरायची वेळ आलीच. दुसऱ्या शिफ्टला बबनरावांचा पुतण्या ऋतिक असायचा. त्यानं दाबाच्या रकान्यात लिहिलं, 'ओके भाऊ'. पुढच्या नगालाही 'ओके भाऊ'. वायर दुरुस्त होईपर्यंत हेच चाललं आणि मी ते सगळं मुकाट्यानं गिळलं.

पहिल्या शिफ्टला निशिगंधा असायची. परभणीकडची, कंत्राटावर लागलेली. वायर सैल होती तेव्हा ती काट्याकडं डोळे बारीक करून बघायची आणि खरा आकडा भरायची. एरवीही नोंद पडद्यावर उमटल्याशिवाय ती नग सोडायची नाही. "किती वेळ लावतेस गं?" म्हणून सुपरवायझर सुजित तिच्यावर खेकसायचा. ती मान वर करायची नाही. दिवाळीला तिला कायम करायचं बबनरावांनी कबूल केलं होतं. कायम झाली की आजीजवळ ठेवलेली लेक ती कुरुळीला आणणार होती, इथल्या शाळेत घालणार होती. जेवणाच्या सुट्टीत ती याच एका गोष्टीबद्दल बोलायची. मला कुणाचा फारसा लळा लागत नाही, पण निशिगंधा मला आवडायची.

आता माझ्या कामाची रीत सांगतो, ती नीट ऐका. घरात दळण आलं की आई ते आधी परातीत काढते आणि सवडीनं डब्यात भरते. माझंही तसंच. नवी नोंद आली की ती आधी माझ्या शेजारच्या एका फाइलमध्ये पडते. तिचं नाव माझंच, फक्त शेवटी शेपूट जोडलेलं. ती माझी परात आणि मी स्वतः डबा. सवड मिळाली की परातीतलं मी डब्यात भरतो. दोन्ही मिळून मी पुरा होतो. परात फेकली तर पीठ गेलं, एवढं तुम्हालाही कळतं. पण सुजित दर शनिवारी पेनड्राइव्हवर माझी नक्कल घ्यायचा, तीसुद्धा नुसत्या डब्याची. त्याला वाटायचं, आपण लई काळजीवाले.

गणपतीच्या आधी गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला येणार होती. त्यांच्यासमोर मिरवायला सुजितनं भिंतीवर मोठा टीव्ही लावून घेतला. आज किती नग झाले ते त्यावर दिसायचं. त्यासाठी निरंजननं एका संध्याकाळी दुसरा प्रोग्रॅम लिहून दिला. ताजे आकडे न्यायला तो दर वेळी नवा वाचणारा धाडायचा. तो यायचा, वाचायचा, जायचा. पण अगदी सुरुवातीला नगांच्या प्रकारांची यादी वाचायला त्यानं एक वाचणारा धाडला होता, त्याला परत बोलावलंच नाही. उघडलेलं वाचन मिटवायला निरंजन विसरला. कुणी वाचत बसलं असेल तर मी त्याच्यानंतर आलेल्या नव्या नोंदी डब्यात भरत नाही, त्याच्या नजरेखालचं पान बदलायचं नाही हा आमचा नियम. तो बसला तो बसलाच. टीव्ही चोवीस तास चालू ठेवायचा, कॉम्प्युटर बंद करायचा नाही, असा सुजितचा हुकूम. नोंदी परातीत पडत राहिल्या आणि परात फुगत फुगत माझ्याहून मोठी झाली. कुणी एकदा वळून पाहील तर शपथ.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा करतात. चांगली रीत आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं सुजितबद्दल आहे. त्यानं काहीही नीट बंद न करता सरळ मेन स्विच खाली ओढला. नीट बंद केलं असतं तर वाचणारा उठून गेला असता आणि जाता जाता मी परात रिकामी केली असती. तेवढीही सवड त्यानं मला दिली नाही. बायकांनी डिझेलच्या फडक्यांनी यंत्रं पुसली, फरशी धुतली. सगळं लखलखीत झाल्यावर सुजितनं मेन स्विच वर केला आणि कॉम्प्युटर लावला. माझा प्रोग्रॅम अजून कुणी उघडला नव्हता, म्हणून परात तशीच भरलेली होती.

"आज सगळं साफ व्हायला पाहिजे," तो ऋतिकला म्हणाला. "ह्यातपण बघ किती कचरा साठलाय. हे बघ, एकाच नावाच्या दोन फाइली. एक जास्तीची आहे."

त्यानं माझी परात उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि टोपलीही रिकामी केली. गणपतीपासून नवमीपर्यंतच्या दोन्ही शिफ्टच्या सगळ्या नोंदी गेल्या. मग त्याच हातानं त्यानं मॉनिटरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि माझ्यासमोर डोळे मिटून उभा राहिला. मला पाया पडणाऱ्या माणसाची किळस आली, ती त्या दिवशी.

दसऱ्यानंतर मोठ्या कंपनीकडून तक्रार आली. एक बॉडी गळकी निघाली होती. तिचा नंबर कळवून त्यांनी विचारलं होतं, तपासणीची नोंद दाखवा. नग गणपतीनंतरचा, पहिल्या शिफ्टचा. सुजितनं मला विचारलं. मी उत्तर दिलं, शून्य ओळी. त्यानं निशिगंधाच्या नावावर त्या सबंध काळातलं काम विचारलं. मी पुन्हा म्हणालो, शून्य ओळी.

मित्रांनो, मी खोटं बोललो नाही. शून्य ओळी म्हणजे माझ्याजवळ नाही, एवढंच. ती रोज माझ्यासमोर उभी राहून एकेक नग आवळत होती, हे मी बघत होतो. पण मला ओळींतच बोलता येतं आणि विचारलं तेवढंच सांगता येतं. 'परात कुणी टाकली?' असं मला कुणी विचारलं नाही.

निरंजनला बोलावणं गेलं. त्यानं येऊन मला उघडलं आणि सुजितला हळूच विचारलं, "इथली दुसरी फाइल एवढीशीच कशी? आधीची कुठाय?"

"ती? नवमीला उडवली. कचरा होता ना?"

निरंजनचा चेहरा उतरला. त्यानं टीव्हीचा प्रोग्रॅम उघडला, न मिटवलेलं वाचन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि ते गुपचूप मिटवून टाकलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघंही चहाला बाहेर गेले. परत आले तेव्हा दोघांच्या तोंडाला कुलूप होतं.

बबनराव यंत्रापाशी आले. "आमी तुला लेकीवानी ठिवली," ते निशिगंधाला म्हणाले, "आन् तू न तपासता नग धाडतीस व्हय?"

"मालक, एक नग मी लावल्याबिगर सोडला असंल तर सांगा. मी दिसभर इथं काय झोपा काढायले होते का?"

"मग नोंद कुठाय?" सुजित म्हणाला. "नोंद नाही म्हणजे काम नाही. नुसते ठिपके मारत होतीस तू."

हे म्हणताना त्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही. निरंजन खाली मान घालून कीबोर्डवरची धूळ पुसत होता.

निशिगंधानं पडद्याकडं बोट दाखवलं. "मग दुसऱ्या शिफ्टचं काढा की," ती म्हणाली. "माझ्या एकटीचंच कामून काढायलेत? ऋतिकभाऊचं काढा."

"ए, माझं नाव मध्ये आणायचं काम न्हाई," ऋतिक गुरकावला.

"काढ रं," बबनराव म्हणाले.

निरंजनला काढावं लागलं. त्याच काळात ऋतिकचं काम किती? शून्य ओळी. मी इतक्या आनंदानं कधीच शून्य म्हणालो नव्हतो. बबनरावांचा विश्वास बसेना. त्यांनी त्याच्या आधीचं दाखवायला सांगितलं आणि पडद्यावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले. "ओके भाऊ. ओके भाऊ. ओके भाऊ... ह्यो हवेचा दाब हाय व्हय रं, गाढवा?"

ऋतिकचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. शेडमध्ये कुणी हसलं नाही, कारण मालक चिडले होते. पण मालकांच्या डोक्यात आता दुसरंच चक्र फिरू लागलं. नोंद नाही म्हणजे काम नाही, हे खरं मानलं तर पुतण्याही गोत्यात आला. आणि हे असलं काही गिऱ्हाइकाला दिसलं तर ऑर्डरच गेली.

सुजितनं ते बरोबर ओळखलं. "मालक, ह्यात माणसांची चूक नसणार. कॉम्प्युटरनं खाल्लं असणार. जुना झालाय तो."

"व्हय का रं?" बबनरावांनी निरंजनला विचारलं.

"छोटा डेटाबेस आहे ना काका," निरंजन म्हणाला. "कधी कधी होतं असं."

कधी कधी होतं असं! मित्रांनो, असं कधीही होत नाही. वीज गेली, कॉम्प्युटर मध्येच बंद पडला, तरी परात जागेवर असेल तर एकही दाणा मी सांडत नाही. ही माझी कमाई आहे, माझी अब्रू आहे. ज्यानं मला बनवलं, त्यानंच ती चारचौघांत धुळीला मिळवली आणि वर मोठा, महागडा डेटाबेस घ्या म्हणून बबनरावांना सुचवलं. बबनरावांनी तो घेतला नाही, म्हणून मी अजून इथं आहे.

मोठ्या कंपनीला 'संगणकातील बिघाड' असं कळवण्यात आलं. सगळे सुटले. सुजित सुटला, ऋतिक सुटला, निरंजन सुटला. निशिगंधाची नोकरीही वाचली. पण चारचौघांत पुतण्याचं नाव घेतलेलं मालकांना झोंबलं होतं. "कायमचं पुढच्या वर्साला बगू," ते तिला म्हणाले आणि निघून गेले.

ती माझ्यासमोर आली. शेड रिकामी झाली होती. मला वाटलं, हिला तरी कळलं असेल. तिनं पडद्याकडं इतक्या रागानं पाहिलं, की तसं माझ्याकडं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"माझ्या लेकीचं खाल्लंस तू," ती म्हणाली. "तुझं वाटोळं हो."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या प्रोग्रॅम लिहील, कुणी सुपरवायझर होईल, कुणी मालक. माझ्यासारख्याला घरात ठेवणार असाल तर उघडलेलं वाचन मिटवा. आकड्याच्या जागी आकडाच घ्यायला आम्हाला बजावून सांगा. नक्कल घ्याल ती पुरी घ्या, आणि माझ्या शेजारच्या फाइलला हात लावण्याआधी ज्याला कळतं त्याला विचारा. हे जमत नसेल तर निदान एवढं करा. काही सापडलं नाही म्हणून समोरच्या माणसावर बोट उगारण्याआधी, झाडलोट कुणी केली होती ते विचारा.

या वर्षीही नवमी झाली. निशिगंधा अजून कंत्राटावरच आहे आणि तिची लेक परभणीलाच आहे. यंत्रांना हळदकुंकू वाहायचं काम तिच्याकडं होतं. तिनं तपासणीच्या यंत्राला कुंकू लावलं, भिंतीवरच्या टीव्हीला चवड्यांवर उभं राहून लावलं, पंख्याच्या बटणालासुद्धा लावलं. मग ती माझ्यासमोर आली. कुंकवाचं बोट तिनं पदराला पुसलं आणि ती पुढं निघून गेली.